दहा हजार भरून मोकळं होण्याआधी

अमळनेर तालुक्यातल्या एका थोरल्या भावाने विचारलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. डिसेंबरात मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. आसोद्याची वांगी, कळण्याची भाकरी, आणि सोबत बाटली. रात्री साडेअकराला मोटारसायकलवर परत येताना चोपडा रस्त्यावर नाकाबंदीत सापडला. श्वास तपासायच्या मशीनवर ७४ आलं. सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं, लायसन्स आणि गाडी ठेवून घेतली, पहाटे जामिनावर सोडलं. कुणाला धक्का लागलेला नाही. आता कोर्टाचं समन्स आलंय. गावात जो तो म्हणतो, दहा हजार भर, सही कर, मोकळा हो. आईचं मात्र एकच चाललंय, "आते काय व्हई?" वकीलसाहेब, आम्ही काय करावं?

दादा, मी बावीस वर्षं जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत फौजदारी वकिली करतो. तुमच्या भावासारखी पोरं दर हिवाळ्यात आणि दर लग्नसराईत माझ्याकडे येतात. निम्मी येतात ती दंड भरून झाल्यावर, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळा घोळ एका समजुतीत आहे. हेल्मेट नाही म्हणून आपण जे चलन भरतो, ते भरलं की विषय मिटतो, कारण तो गुन्हा तडजोडीने मिटवायची सोय कायद्यानेच ठेवली आहे. दारू पिऊन गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. त्याला ती सोय नाही. ते पोलिसाला रस्त्यावर मिटवता येत नाही, मोबाइलवर भरता येत नाही, लोकअदालतीत तडजोडीने संपत नाही. लोकअदालतीच्या दिवशी किरकोळ खटले झटपट निकाली काढतात खरं, पण तेही गुन्हा कबूल करूनच. कोर्टात तुम्ही "दंड भरला" म्हणता, त्याला कायद्याच्या भाषेत "दोषसिद्धी", म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद, म्हणतात. गावातली माणसं वाईट सांगत नाहीत, त्यांना हा फरक माहीत नसतो एवढंच.

आता त्या रात्रीकडे वळू, कारण या खटल्याचा जीव त्या रात्रीच्या दोन-तीन कागदांत असतो.

७४ म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ७४ मिलिग्रॅम अल्कोहोल. कायद्याची हद्द ३० ची. मशीन रक्त मोजत नाही, श्वास मोजतं आणि त्यावरून रक्ताचा आकडा काढतं. त्यामुळे शेवटचा घोट घेऊन लगेच फुंकलं किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध नुकतंच घेतलेलं असलं, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगू शकतो. पंधराएक मिनिटांत तो परिणाम जातो. म्हणून थोडं थांबून पुन्हा चाचणी घेतली का, हा प्रश्न मी प्रत्येक खटल्यात विचारतो. मशीनमधून पावती निघते. तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक, चाचणीचा क्रमांक, आकडा असतो आणि खाली सह्या. ती पावती दोषारोपपत्रासोबत आहे का, तिच्यावरची वेळ आणि फिर्यादीतली वेळ जुळते का, नाव बरोबर आहे का, मशीन तपासून घेतल्याचा दाखला जोडला आहे का, हे ओळ न् ओळ वाचायचं. एका खटल्यात पावतीवर रात्रीचे दहा पस्तीस होते आणि फिर्यादीत गाडी अडवल्याची वेळ अकरा दहा. गाडी अडवण्याआधीच चाचणी झाली होती, असा त्याचा अर्थ. नाकाबंदीत पाच-सहा जणांच्या पावत्या एकदम निघतात, तेव्हा अशी सरमिसळ होते.

पोलिसाने वर्दीत असताना, स्वतःसमोर हा गुन्हा घडला तर वॉरंटशिवाय अटक करता येते. पण कलम २०२ मध्ये एक अट आहे: अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. आपल्याकडे हे दोन तास फार महत्त्वाचे आहेत. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या रस्त्यावर रात्री माणूस पकडला तर ग्रामीण रुग्णालयापर्यंत जायलाच वेळ जातो, आणि तिथं डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकलेले असू शकतात. म्हणून अटकेची वेळ आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा.

फुंकायला नकार दिला तर सुटतो, असं पोरं एकमेकांना सांगतात. तसं नाही. सबळ कारण नसताना नकार दिला, तर तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. कलम २०५ तेच सांगतं.

आता रक्त. इथं मी जास्त थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि सगळ्यात कमी लोक त्या बघतात. रक्त घेण्याआधी आपण दंडावर जो स्पिरिटचा बोळा फिरवतो, तो या तपासणीत चालत नाही. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. साध्या निर्जंतुक पाण्याने कातडी पुसायची असते. रक्त ज्या बाटलीत जातं तिच्यात ते गोठू नये आणि सडू नये म्हणून रसायन असावं लागतं, बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट आणि सोडियम फ्लोराइड. ते नसेल आणि नमुना उन्हाळ्यात पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहिला तर त्यात आपोआप बदल होऊ शकतात. जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. बाटलीवर मोहोर, चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, नमुना कुणी घेतला, कुणाच्या हाती दिला, कोणत्या दिवशी प्रयोगशाळेत पोचला, ही साखळी कागदावर सलग दिसली पाहिजे. नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिथला अहवाल आला की तो सरकारी तज्ज्ञाचा अहवाल म्हणून पुराव्यात वाचला जातो, प्रत्येक वेळी तज्ज्ञाला साक्षीला बोलावत नाहीत. बोलवायचं असेल तर आपल्याला अर्ज करून मागणी करावी लागते.

एका खटल्यात मी डॉक्टरांना उलटतपासात विचारलं, "कातडी कशाने पुसली?" डॉक्टर तरुण, प्रामाणिक. ते म्हणाले, "नेहमीच्या बोळ्याने." मी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला सांगितलं आणि पंखा चालू असूनही कोर्टात कळफलकाचा आवाज ऐकू आला. माझा पक्षकार सुटला. तो त्या रात्री प्यायला होता हे मला ठाऊक होतं, आणि संध्याकाळी घरी जाताना मला त्याचा आनंद वाटला नाही. पण ज्या पुराव्यावर माणसाला शिक्षा द्यायची तो शुद्ध असायला हवा, हे मी आजही तितक्याच ठामपणे मानतो. पुढच्या खेपेला तिथं न प्यायलेला माणूसही उभा असू शकतो.

डॉक्टरांनी नुसतं "तोंडाला वास, चाल अडखळती, बाहुल्या विस्फारलेल्या" असं लिहिलं तर काय? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितलं आहे की एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी हवी. कलम १८५ तर आकड्यावरच उभं आहे. पूर्वी त्यात फक्त श्वासाच्या मशीनचा उल्लेख होता, २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेची तपासणीही त्यात आली. आकडा कुठूनही येवो, यायला हवा.

लोक ३० आणि ५० यात गोंधळतात, तेही सांगून टाकतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्के, म्हणजे ५० चा आकडा आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी: रक्तात तेवढी दारू सापडली की ती औषधातून आली हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. गाडीच्या गुन्ह्याला ३० च लागू. आणि नवापूरकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावं, तोच १९४९ चा कायदा गुजरातमध्ये गुजरातच्या नावाने चालतो आणि तिथं परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा आहे. नवापुरात पिऊन गुजरातेत उच्छल-सोनगडच्या बाजूला गाडी घातली की एकाच्या जागी दोन गुन्हे.

आणखी एक, कारण तुमचा भाऊ पुढेही मित्रांत बसणार आहे. शरीर दारू जाळतं ते शंभर मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण पंधरा मिलिग्रॅमच्या गतीने. ७४ वरून ३० वर यायला जवळपास तीन तास. लिंबू, ताक, कडक चहा, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ही गती वाढत नाही. रावेरहून केळी भरून निघालेला एक चालक माझ्याकडे आला होता. रात्री एकपर्यंत प्यायला, पाच तास गाडीतच झोपला, सकाळी सातला महामार्गावर अडवला तेव्हा ५२ आलं. तो कळवळून सांगत होता, "साहेब, मी तर झोपून उठलो होतो." तो खोटं बोलत नव्हता. रात्री एकला आकडा १४० च्या घरात असेल तर सकाळी सातला तो ५० च्या आसपासच राहतो.

आता कोर्टाचा प्रवास. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा हक्क. कुणी "जामीन करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. जामीनदार मिळत नसेल आणि माणूस खरोखर गरीब असेल, तर जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायची तरतूद आहे. गाडी अजून ठाण्यात उभी असेल तर ती आधी सोडवा. आरसी, विमा आणि मालकाचं ओळखपत्र जोडून कोर्टात अर्ज द्यायचा, सरकारी वकिलांचं म्हणणं येतं आणि गाडी मालकाला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायच्या लेखी हमीवर, मिळते. ठाण्याच्या आवारात वर्ष-वर्ष गंजलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या बऱ्याच गाड्यांसाठी कुणी अर्जच केलेला नसतो.

रक्ताचा अहवाल आला की पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात. पहिल्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिने, म्हणून कोर्टाने दखल घ्यायची मुदत एक वर्षाची. तुमचं समन्स काही महिन्यांत आलं आहे, तेव्हा तो मुद्दा तुम्हाला नाही. दुसऱ्या कुणाचा खटला दीड वर्षाने आला असेल तर त्याने तारखा जरूर मोजाव्या.

तुमची पहिली तारीख म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर व्हायची. त्या दिवशी वकीलपत्र दाखल करायचं आणि दोषारोपपत्राची संपूर्ण प्रत मागायची. ती विनामूल्य मिळते. मग एका तारखेला न्यायाधीश गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" हा प्रश्न फार तर अर्ध्या मिनिटाचा असतो. कबुली दिली तर ती शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी लागते, आणि त्यावर तिथंच शिक्षा होऊ शकते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका कोर्टात मी दुसऱ्या कामासाठी बसलो होतो. शिपायाने पुकारा केला. पावरा समाजाचा एक पोरगा पुढे आला, अंगात लग्नातला नवा शर्ट. वाचून दाखवलेलं मराठी त्याला अर्धंच कळलं असावं. त्याने मागे वळून बरोबरच्या माणसाकडे पाहिलं, त्या माणसाने मान हलवली, याने पण मान हलवली. मी उभा राहिलो आणि न्यायाधीशांना विनंती केली की याला भाषा कळत नाही, वकीलही नाही. त्यांनी लगेच थांबवलं, दुभाषा बोलावला आणि तालुका विधी सेवा समितीकडून वकील दिला. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. हे नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रत्येक पाड्यावर माहीत असायला हवं. नंतर कागद बघितले तेव्हा कळलं, पोरगा गाडीवर मागे बसलेला होता.

म्हणून तुमच्या भावाने पहिल्या तारखेला काहीही कबूल करू नये. "कागद वाचून सांगतो, मुदत द्यावी" एवढंच म्हणावं. त्यात लबाडी नाही, तो त्याचा अधिकार आहे.

नाकबूल केलं तर साक्षी सुरू होतात: अडवणारा पोलीस, पंच, डॉक्टर, नमुना नेणारा शिपाई. दोन-तीन वर्षं सहज जातात. तारखेला आला नाही तर वॉरंट निघतं. नोकरीमुळे यायला जमणार नसेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज त्या दिवसाआधी वकिलाकडे द्यावा, दुपारी चारला फोन करून उपयोग नसतो. शिक्षा झाली तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील. पण कबुली देऊन झालेल्या शिक्षेवर अपील फक्त शिक्षेचं प्रमाण किंवा तिची कायदेशीरता यापुरतंच चालतं. "मी प्यायलोच नव्हतो" हे तिथं ऐकलं जात नाही.

शिक्षा किती? पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड दोन हजारांपर्यंत होता. आता दहा हजार म्हणजे दहाच, कमी करायला जागा नाही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. पण गावातले जे सांगत नाहीत ते पुढचं आहे. कलम १८५ खाली दोषी ठरवलं की कोर्टाला कमीत कमी सहा महिन्यांसाठी गाडी चालवायला अपात्र ठरवावंच लागतं. याशिवाय पोलिसांनी लायसन्स परिवहन कार्यालयाकडे पाठवलं असेल, तर तिथं सुनावणी देऊन पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता येऊ शकते. ती सुनावणी कोर्टापासून वेगळी आहे, नोटीस आली तर तिथंही जावं लागतं. आणि अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली नवा गुन्हा. ट्रक किंवा काळी-पिवळी चालवून पोट भरणाऱ्यासाठी दहा हजारांपेक्षा हे सहा महिने जड आहेत.

तुमच्या भावासाठी खरा प्रश्न भरतीचा आहे. उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात विचारलेलं असतं: अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का. दंड भरून "मोकळा" झालेली पोरं तिथं "नाही" लिहितात, कारण त्यांना तसंच वाटत असतं. चारित्र्य पडताळणीत ते निघतं आणि मग लपवलं हा वेगळा ठपका बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या विषयावर नीट निकाल दिला आहे. खरं सांगितलेल्या उमेदवाराचाही खातं विचार करून निर्णय घेऊ शकतं, पण किरकोळ प्रकरणात त्याला संधी द्यायला जागा राहते. खोटं लिहिणाऱ्याची बाजू फार कमजोर होते. त्यामुळे काहीही होवो, नमुन्यात खरं लिहायचं. खटला चालू असेपर्यंत पासपोर्टलाही कोर्टाची परवानगी लागते, तेही ध्यानात ठेवा.

मग लढायचं की कबूल करायचं? कागद न बघता मी सांगणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पावती, डॉक्टरांच्या वेळा आणि रक्ताचा अहवाल एकमेकांशी जुळत असतील, रक्तातही साठ-सत्तरचा आकडा असेल, तर तीन वर्षं तारखा करून पोराचं वय घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. तेव्हा समजून-उमजून कबुली द्यावी आणि १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका, मागावा. पहिलाच गुन्हा, तरुण वय, अपघात नाही, हे न्यायाधीशांपुढे मांडता येतं. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात न्यायाधीश हा लाभ सहज देत नाहीत, आणि धुळ्याच्या सिव्हिलमध्ये रात्री आलेल्या अपघाताच्या केसेस मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्यांचं मला चूक वाटत नाही. कागदांत खरी भगदाडं असतील तर मात्र लढा.

त्या रात्री कुणाला लागलं असतं तर हे उत्तर वेगळं झालं असतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दारूच्या नशेत माणसं मारल्यावर ते सदोष मनुष्यवधातही जाऊ शकतं. २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात जण गाडीखाली गेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही नशेत मिळत नाही.

तारखेच्या दिवशी साडेदहालाच कोर्टात पोचा. समन्स, आधार, जामिनाचा कागद, आणि मिळाली असेल तर मशीनच्या पावतीची प्रत सोबत ठेवा. आईंना आणू नका, दिवसभर बाकावर बसून त्या आणखी घाबरतील. घरीच सांगा की जामीनपात्र गुन्हा आहे आणि आज कुणी त्याला आत ठेवणार नाही. आणि भावाला एसटीने आणा. लायसन्स जमा असताना कोर्टात गाडी चालवत आलेला पोरगा मी पाहिला आहे, सरकारी वकिलांनी तो खिडकीतून बघितला होता.